खिडक्यांचे संरक्षक पटल

खिडक्यांचे संरक्षक पटल : स्फोटाच्या दाबाने खिडकीची काच फुटल्यास तिचे तुकडे सुटून उडू नयेत, म्हणून काचेच्या आतील पृष्ठभागावर चिकटविण्यात येणारे पारदर्शक, पातळ पण चिवट प्लॅस्टिकचे पटल. व्यवहारात त्याला ‘सेफ्टी फिल्म’ असे म्हणतात. ऊन कमी करण्यासाठी लावण्यात येणारी रंगीत ‘सन फिल्म’ दिसायला पुष्कळशी अशीच असते; परंतु तिची जाडी सामान्यतः २५ ते ५० मायक्रॉन (१ मायक्रॉन = मिमी. चा हजारावा भाग) असते, तर संरक्षक पटल १०० मायक्रॉन किंवा त्याहून जाड असते. हे पटल काचेला फुटण्यापासून वाचवीत नाही. काच फुटतेच, फुटलेले तुकडे एकत्र धरून ठेवणे एवढेच पटलाचे काम आहे. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे पटलाकडून भलत्याच अपेक्षा केल्या जातात व ते बसविताना खिडकीच्या चौकटीकडे दुर्लक्ष होते.

काचेपासूनचा धोका : स्फोट झाल्यावर त्याच्या केंद्रापासून अतिशय वेगाने आघात तरंग पसरतो. तो पोहोचताच हवेचा दाब एकदम वाढतो, सेकंदाच्या शंभराव्या ते दहाव्या भागाइतक्या काळात उतरतो आणि नंतर काही क्षण नेहमीच्या वातावरणीय दाबापेक्षाही कमी होतो. पहिल्या टप्प्यात काच आत ढकलली जाते, तर दुसऱ्यात बाहेर ओढली जाते. तरंग भिंतीवर समोरून आदळला, तर परावर्तनामुळे भिंतीवरील व खिडकीवरील दाब मोकळ्या हवेतील दाबाच्या दुपटीपेक्षाही जास्त होतो. म्हणून स्फोटाकडे तोंड असलेल्या बाजूच्या काचा आधी व अधिक जोराने फुटतात. मात्र अरुंद रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या इमारतींवरून तरंग पुन्हा पुन्हा परावर्तित होत असल्याने आडोशाच्या समजल्या जाणाऱ्या खिडक्याही सुरक्षित राहतीलच असे नाही.

माणसाचे शरीर हवेचा दाब बऱ्याच प्रमाणात सहन करू शकते. दाब सु. ३५ किलोपास्कालने (१ किलोपास्काल = दर चौ. सेंमी. ला सु. १० ग्रॅम वजनाइतका दाब) वाढला, तर कानाचा पडदा फाटू लागतो, फुप्फुसाला इजा होण्यास याहून पुष्कळ अधिक दाब लागतो. याउलट खिडकीची साधी काच १ ते ३ किलोपास्काल इतक्या अल्प दाबानेही फुटू शकते. काचेचा पत्रा जितका मोठा व पातळ, तितकी ती लवकर फुटते. दाब ७ किलोपास्कालपर्यंत गेला, तर त्या भागातील बहुतेक साध्या काचा फुटतात. हा आकडा लहान वाटतो. परंतु १ मी. रुंद व १.५ मी. उंच काचेवर त्यामुळे सु. १ टन वजनाइतका भार क्षणार्धात येतो.

अंतराच्या भाषेत हा फरक अधिक स्पष्ट होतो. १,००० किग्रॅ. टीएनटीचा स्फोट जमिनीलगत उघड्यावर झाला, तर कानाचे पडदे फाटण्याचा धोका सु. ५० ते ६० मी. पर्यंत असतो, पण बहुतेक साध्या काचा सु. १८० मी. पर्यंत फुटतात आणि मोठ्या दर्शनी काचा त्याच्याही कितीतरी पलीकडे फुटतात. ठराविक दाबाचे हे अंतर स्फोटक द्रव्याच्या वजनाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे अंतर दुप्पट होण्यास स्फोटक आठपट लागते. याचा अर्थ असा की, केवळ हवेच्या दाबाने ज्यांना काहीच झाले नसते, अशा फार मोठ्या क्षेत्रातील माणसांना त्यांच्याच खिडकीच्या काचेपासून धोका असतो. फुटलेल्या काचेचे तुकडे लांबट, सुरीसारखे टोकदार असतात व ते खोलीत समोरच्या भिंतीपर्यंत फेकले जातात. चेहरा, मान, हात व विशेषतः डोळे यांना त्यांपासून जखमा होतात. पारदर्शक काचेचे बारीक कण क्ष-किरण चित्रात नेहमीच दिसतात असे नसल्याने ते जखमेत राहून जातात व उपचार लांबतात.

दुर्घटनांतील अनुभव : कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात ६ डिसेंबर १९१७ रोजी स्फोटके घेऊन आलेल्या ‘माँ-ब्लाँ’ या जहाजाची दुसऱ्या जहाजाशी टक्कर होऊन त्याला आग लागली. जहाज सु. वीस मिनिटे जळत होते व थंडीच्या दिवसांतील त्या सकाळी शेकडो लोक घरांच्या व शाळांच्या बंद खिडक्यांमागे उभे राहून ते पहात होते. त्यानंतर झालेल्या स्फोटात सु. १,८०० माणसे मरण पावली व सु. ९,००० जखमी झाली. डोळ्यांच्या इजांची संख्या सु. ५,९०० होती आणि ४१ जणांची दृष्टी कायमची गेली. कॅनडात पुढच्याच वर्षी अंधांसाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, तिला महायुद्धातून परतलेल्या अंध सैनिकांप्रमाणेच ही दुर्घटनाही कारणीभूत होती.

मुंबईतील व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टायकिन’ या जहाजावर असाच प्रकार घडला. जहाजावर सु. १,४०० टन स्फोटके व त्यांच्याजवळच कापसाच्या गाठी भरलेल्या होत्या. दुपारी लागलेली आग विझविण्याचे प्रयत्न चालू असता चारच्या सुमारास पहिला व त्यानंतर सु. अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला. आठशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत मुंबई अग्निशामक दलाचे ६६ जवान होते. सु. १२ किमी. अंतरावरील खिडक्यांच्या काचा फुटल्या. लोकांच्या आठवणीत या दुर्घटनेतील आकाशातून पडलेल्या सोन्याच्या विटा राहिल्या आहेत. फुटलेल्या काचांची आठवण मात्र क्वचितच निघते.

केन्याच्या नैरोबी शहरात ७ ऑगस्ट १९९८ रोजी अमेरिकेच्या वकिलातीजवळ झालेल्या स्फोटात दोनशेहून अधिक माणसे ठार झाली. मुख्य स्फोटापूर्वी गोळीबाराचा व एका लहान स्फोटाचा आवाज झाला होता. तो ऐकून आजूबाजूच्या उंच इमारतींतील कर्मचारी काय झाले ते पाहण्यासाठी खिडक्यांकडे गेले आणि त्यांतील अनेकांचे डोळे गेले. बेरूत बंदरात ४ ऑगस्ट २०२० रोजी सु. २,७५० टन अमोनियम नायट्रेटाचा स्फोट झाला, तेव्हाही आधी लागलेली आग लोक खिडक्यांतून व सज्जांतून पहात होते. प्रकाश डोळ्यांपर्यंत तत्काळ पोहोचतो, आघात तरंगाला मात्र एक किलोमीटर जाण्यास सु. तीन सेकंद लागतात. कुतूहलाने खिडकीशी जाण्यास एवढा वेळ पुरतो. रशियातील चेल्याबिन्स्क शहरावर १५ फेब्रुवारी २०१३ रोजी एका मोठ्या उल्केचा आकाशातच स्फोट झाला, त्या वेळी लखलखाट आणि आघात तरंग यांत एक मिनिटाहून अधिक अवधी गेला. सु. १,५०० लोकांनी वैद्यकीय उपचार घेतले, त्यांतील बहुसंख्य काचांनी जखमी झालेले होते. तेथील एका शाळेत लखलखाट दिसताच शिक्षिकेने वर्गातील ४४ मुलांना बाकांखाली बसविले. मुलांपैकी कोणालाही काच लागली नाही. उभ्या राहिलेल्या शिक्षिकेच्या हाताला मात्र खोल जखम झाली.

अशा घटना केवळ युद्धात किंवा घातपातातच होतात असे नाही. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात २६ मे २०१६ रोजी झालेल्या स्फोटात सु. २ किमी. परिसरातील इमारतींच्या काचा फुटल्या व जखमींपैकी पुष्कळ जण आपापल्या घरांत किंवा दुकानांत बसलेले होते. कारखाने व वस्ती यांतील अंतर जेथे नाहीसे होत गेले आहे, तेथे खिडकीच्या काचेचा विचार नागरी सुरक्षेच्या दृष्टीने करणे भाग पडते.

पूर्वीचे उपाय : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये घरोघरी खिडक्यांच्या काचांवर गोंद लावलेल्या कागदी पट्ट्या फुलीच्या आकारात चिकटविण्यात आल्या. हे दृश्य त्या काळाचे जणू प्रतीकच झाले. पण अशा पट्ट्यांचा प्रत्यक्ष उपयोग थोडाच होता, कारण पट्ट्यांच्या मधील मोकळी काच पूर्वीसारखीच उडत असे व कागद उन्हाने कडक होऊन सुटत असे. काचेच्या संपूर्ण पृष्ठभागावर कापडी जाळी चिकटविणे हा उपाय अधिक परिणामकारक होता. लंडनमधील बसगाड्यांच्या व आगगाड्यांच्या खिडक्यांना अशी जाळी लावण्यात आली, परंतु बाहेरचे दिसेना म्हणून प्रवासी तिचे कोपरे खरवडून काढीत. त्यांनी तसे करू नये यासाठी ‘बिली ब्राउन’ या व्यंगचित्रातील पात्राच्या तोंडून विनंती करणारी पत्रके लावावी लागली आणि शेवटी जाळीच्या मध्यभागी पाहण्यापुरती जागा मोकळी सोडण्यात आली. संरक्षक आवरण पारदर्शक नसेल, तर माणसे ते टिकू देत नाहीत, हा धडा पुढील काळात उपयोगी पडला. भारतातही १९६५ व १९७१ च्या युद्धांच्या वेळी शहरांतून खिडक्यांना काळा कागद व कागदी पट्ट्या लावण्यात आल्या होत्या. त्यांपैकी काळ्या कागदाचा उद्देश प्रकाश बाहेर जाऊ न देणे हा होता.

रचना व गुणधर्म : आधुनिक पटल पॉलिएथिलीन टेरेप्थॅलेट या पॉलिएस्टर जातीच्या बहुवारिकाचे (साध्या रेणूंच्या दीर्घ साखळ्या जोडल्या जाऊन बनलेल्या पदार्थाचे) असते. या पदार्थाचा शोध जॉन रेक्स व्हिनफील्ड व जेम्स टेनंट डिक्सन या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी १९४१ मध्ये लावला. टेरिलीनचे कापड ज्या पदार्थापासून होते, तोच हा पदार्थ. पटल तयार करताना ते लांबीच्या व रुंदीच्या अशा दोन्ही दिशांनी ताणून मग उष्णतेने स्थिर करतात. त्यामुळे रेणूंच्या साखळ्या दोन्ही दिशांनी मांडल्या जातात व पटलाला मोठे ताणबल प्राप्त होते. १०० मायक्रॉन जाडीच्या पटलाची फक्त १ सेंमी. रुंद पट्टी तुटण्यास सु. १७ किग्रॅ. वजनाइतका भार लागतो आणि तुटण्यापूर्वी ती ताणून जवळजवळ दुप्पट लांब होऊ शकते. यांपैकी दुसरा गुणधर्म अधिक महत्त्वाचा आहे. काच ठिसूळ असल्याने ऊर्जा न शोषता एकदम फुटते. पटल ताणले जात असताना ऊर्जा शोषून घेते.

पटलाच्या काचेकडील बाजूस ॲक्रिलिक आसंजकाचा (चिकट द्रव्याचा) थर असतो, तर खोलीकडील बाजूस ओरखडे पडू नयेत म्हणून कठीण लेप दिलेला असतो. जंबुपार किरणांनी प्लॅस्टिक व आसंजक ही दोन्ही कालांतराने ठिसूळ होत असल्यामुळे हे किरण शोषणारी द्रव्ये त्यांत मिसळतात. जाड पटले बहुधा दोन किंवा अधिक पातळ पटले एकमेकांस चिकटवून करतात. लहान काचांसाठी १०० मायक्रॉन जाडी पुरेशी समजतात, तर मोठ्या काचांसाठी १७५ ते ३०० मायक्रॉन व क्वचित त्याहून अधिक जाडीची पटले वापरतात.

बसविण्याच्या पद्धती : पटलाचे यश बहुतांशी ते कडेला कसे धरले आहे यावर अवलंबून असते. काच आधी पात्याने खरवडून पूर्णपणे स्वच्छ करतात. तिच्यावर सौम्य साबणाचे पाणी फवारून पटल सरकवत नेमके जागेवर आणतात व रबरी पट्टीने आतील पाणी बाहेर काढतात. उरलेले पाणी सुकून आसंजकाची पकड पूर्ण होण्यास कित्येक आठवडे लागतात. पटल जितके जाड तितका हा काळ अधिक. या काळात काच धुरकट दिसते, त्यावरून काम बिघडले असे समजण्याचे कारण नाही.

सर्वांत सोप्या पद्धतीत काचेचा दिसणारा भागच तेवढा पटलाने झाकतात; चौकटीच्या खाचेतील काचेच्या कडेवर पटल जात नाही. अशा खिडकीवर सौम्य दाब आला, तर काच तडकूनही जागेवर राहते. दाब वाढला, तर मात्र फुटलेली काच पटलासह एकाच चादरीप्रमाणे चौकटीतून निसटून खोलीत येते. ६ मिमी. जाड काचेचे वजन दर चौ. मी. ला १५ किग्रॅ. असते, तेव्हा १.५ चौ. मी. ची अशी चादर २० किग्रॅ. हून जड भरते. सुऱ्यांसारख्या शेकडो तुकड्यांपेक्षा ती बरी, एवढेच म्हणता येईल. खिडकीलगत बसलेल्या माणसाला तिचा आघात प्राणघातक होऊ शकतो. कडक केलेल्या (टफन्ड) काचेवर पटल असल्यास ही प्रवृत्ती अधिक दिसते. कारण ती काच फुटून तिचे बारीक चौकोनी दाणे होतात आणि दाणे चिकटलेले पटल ओल्या घोंगडीसारखे लिबलिबीत बनते.

हा दोष टाळण्यासाठी पटल चौकटीला बांधून टाकतात. एका पद्धतीत पटलाच्या चारही कडा व चौकट यांना जोडणारी सिलिकोन लुकणाची जाड पट्टी भरतात. दुसऱ्या पद्धतीत पटल काचेच्या कडेपलीकडे चौकटीवर आणून धातूच्या पट्ट्यांखाली स्क्रूने घट्ट दाबतात. आता काच फुटल्यावर पटल शिडासारखे फुगते, ताणले जाते व दाब ओसरेपर्यंत तुकडे धरून ठेवते. अर्थात काचेवरील सगळा भार यामुळे चौकटीवर व चौकटीकडून भिंतीवर जातो. चौकट कुजलेल्या लाकडाची असेल, किंवा ॲल्युमिनियमची असून भिंतीत चारदोन खिळ्यांनीच धरलेली असेल, तर चौकटीसकट खिडकी आत येते. अशा ठिकाणी महाग व जाड पटलावर खर्च करण्यापूर्वी चौकट भिंतीत पक्की करणे शहाणपणाचे ठरते. जुन्या इमारतींत हे काम पटलापेक्षा खर्चाचे असते आणि म्हणूनच ते बहुधा टाळले जाते.

चाचणी : पटल लावलेली खिडकी एका बंदिस्त चाचणी-खोलीच्या समोरच्या भिंतीत बसवून तिच्यावर मोकळ्या मैदानातील प्रत्यक्ष स्फोटाचा किंवा आघात नळीतील दाब सोडतात. अमेरिकेतील सरकारी इमारतींसाठी रूढ झालेल्या वर्गीकरणात काच फुटली की नाही याला फारसे महत्त्व नसून तुकडे कोठवर गेले हे पाहतात. खिडकीमागे सु. ३ मी. वर उभी फळी असते. तुकडे चौकटीतच राहिले, खिडकीपासून १ मी. च्या आत पडले, ३ मी. पर्यंत जमिनीवर पडले, फळीवर जमिनीपासून ६० सेंमी. उंचीच्या आत लागले किंवा त्याहून वर लागले, त्यानुसार धोक्याची श्रेणी ठरते. फळीवर उंच लागलेला तुकडा माणसाच्या छातीला किंवा चेहऱ्याला लागला असता, असा त्याचा अर्थ. चाचणीचे हे निष्कर्ष त्या आकाराच्या काचेला, त्या चौकटीला व त्या जोडणीलाच लागू पडतात. केवळ पटलाच्या गुंडाळीवर छापलेली श्रेणी दुसऱ्या खिडकीला लावता येत नाही.

इतर उपायांशी तुलना : नवीन इमारतीत स्तरित (लॅमिनेटेड) काच वापरणे केव्हाही अधिक चांगले. फ्रेंच चित्रकार व रसायनतज्ञ एद्वार बेनेदिक्तुस यांना १९०३ मध्ये प्रयोगशाळेत खाली पडलेला काचेचा चंबू तडकूनही विखुरला नाही असे आढळले. त्यातील वाळलेल्या सेल्युलोज नायट्रेटाच्या थराने तुकडे धरून ठेवले होते. त्यावरून दोन काचांमध्ये चिवट थर घालण्याची कल्पना निघाली. पटल हे याच तत्त्वाचे, पण आधीच बसविलेल्या काचेवर नंतर करता येणारे रूप होय. स्तरित काचेत चिवट थर दोन काचांमध्ये सुरक्षित राहतो व चौकटीच्या खाचेत खोलवर धरला जातो; पटलाला हे दोन्ही लाभ नाहीत. मात्र इमारत वापरात असतानाच, काच न काढता व थोड्या खर्चात ते लावता येते, हा त्याचा मोठा गुण आहे.

ब्रिटनमध्ये आयरिश रिपब्लिकन आर्मीच्या बाँबहल्ल्यांच्या काळात पटलाच्या जोडीला खास जाळीदार पडदे वापरण्यात येऊ लागले. हे पडदे खिडकीच्या सु. दुप्पट रुंदीचे व उंचीपेक्षा लांब असून त्यांच्या खालच्या कडेत वजने शिवलेली असतात. जादा कापड खिडकीखालील पेटीत घडी करून ठेवतात. स्फोट झाला, की ते उलगडून काचेला झोळीप्रमाणे पकडते. पडदा बाजूला सारून खिडकी उघडली, की हा बंदोबस्त निरुपयोगी होतो. मँचेस्टरमध्ये १५ जून १९९६ रोजी आगाऊ सूचना मिळाल्याने हजारो लोकांना हलविण्यात आले व स्फोटात कोणीही मरण पावले नाही; तरीही दोनशेहून अधिक जखमी झाले आणि त्यांतील पुष्कळांवर बाहेर रस्त्यावर काचा पडल्या होत्या. खोलीतील माणसांसाठी लावलेले पटल रस्त्यावरच्या माणसांना थोडाच आधार देते, हे यावरून दिसते. दुहेरी काचेच्या खिडकीत तर आतील काचेवरच पटल लावता येते व बाहेरची काच उघडीच राहते.

मर्यादा व निगा : पटल बंदुकीची गोळी अडवीत नाही. नक्षीच्या किंवा खडबडीत काचेवर ते नीट चिकटत नाही. गडद रंगाच्या पटलामुळे काच उन्हात असमान तापून आपोआप तडकण्याचा संभव असतो, म्हणून उष्ण प्रदेशांत बिनरंगी पटल श्रेयस्कर. आगीच्या वेळी पटल लावलेली काच फोडून आत जाणे कठीण जाते. त्यामुळे सुटकेसाठी लागणाऱ्या खिडक्या कोणत्या, हे आधी ठरवून त्या उघडता येतील अशा ठेवतात. याउलट भूकंपातही तुकडे न विखुरण्यासाठी पटल उपयोगी पडते व जपानमध्ये त्या कारणासाठी ते वापरले जाते. स्फोटानंतर तडकलेली काच काही दिवस जागेवर राहून पाऊस-वारा अडवते, हाही एक फायदा. मात्र अशी काच केव्हाही निसटू शकत असल्याने तिच्याखालचा रस्ता बंद ठेवावा लागतो.

पटल पुसण्यास मऊ कापड व साधे साबणाचे पाणी पुरते. घासण्याची पूड, पाते किंवा तीव्र विद्रावके वापरल्यास कठीण लेप जातो. चांगल्या पटलाचे आयुष्य सर्वसाधारणपणे सु. दहा वर्षे धरतात. प्रखर उन्हाच्या बाजूस ते कमी भरते. कोपरे सुटणे, बुडबुडे येणे, पिवळेपणा ही आसंजक निकामी होत असल्याची लक्षणे होत. पटल पारदर्शक असल्याने ते आहे की नाही व केव्हा लावले हे काही वर्षांनी कोणालाच सांगता येत नाही. यासाठी काचेच्या खालच्या कोपऱ्यात जाडी व बसविल्याची तारीख दर्शविणारी लहान चिठ्ठी पटलाखालीच चिकटवून ठेवणे सोयीचे असते.